संगीताचा उक्ता सौदा

स्वीडनमधील स्टॉकहोम येथे २००९ साली एपिडेमिक साउंड ही कंपनी निघाली. दूरचित्रवाणी, चित्रपट व जाहिराती यांना संगीत पुरविणे हा तिचा व्यवसाय. निर्मात्याला एरवी गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रिका कंपनी अशा अनेकांची परवानगी मिळवावी लागते. ही यातायात तिने वाचविली. मार्च २०२१ मध्ये दोन बड्या गुंतवणूक संस्थांनी तिच्यात ४५ कोटी डॉलर घातले, तेव्हा तिचे मोल १४० कोटी डॉलर ठरले.

ही सोय कोणत्या पायावर उभी राहिली? कंपनी संगीतकाराला प्रत्येक रचनेमागे ठरावीक रक्कम देते आणि रचनेचे आर्थिक हक्क स्वतःकडे घेते. स्ट्रीमिंगच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा ती त्याला देते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु दूरचित्रवाणीवर रचना वाजेल त्या त्या वेळी मिळणाऱ्या स्वामित्वधनावर त्याला पाणी सोडावे लागले. ते वसूल करण्यासाठी स्वीडिश संगीतकारांनी १९२३ सालीच स्टिम ही संस्था उभारली होती. अशा संस्थांचे सदस्य नसलेल्यांकडूनच रचना घ्यायच्या, या धोरणावर कंपनीची उभारणी झाली.

संगीतकार स्वखुशीने सही करतो आणि त्याला रोख पैसा मिळतो, मग तक्रार कसली, असे विचारले जाईल. हा युक्तिवाद पोकळ नाही. कोणती धून चालेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. घरभाडे मात्र दरमहा द्यावे लागते. पण नेमके येथेच सौद्यातील विषमता दिसते. हजारो रचनांचा साठा असणाऱ्याला एखादी रचना पडून राहिल्याची झळ लागत नाही. एकट्या संगीतकाराला ती लागते, म्हणून तो भविष्यातील उत्पन्न स्वस्तात विकतो. हा धोका वाटून घेण्याचे दोन मार्ग आहेत. भांडवलदाराने सर्व रचना विकत घ्याव्यात, अथवा संगीतकारांनीच एकत्र यावे. दुसऱ्या मार्गाचे मर्म आपल्या ऊस उत्पादकाला समजावून सांगावे लागणार नाही. पहिली उचल घेतली म्हणून अंतिम भावावरचा हक्क तो सोडत नाही.

भारतात हा प्रश्न जुना आहे. संगीतकार व गीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. पण मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या रचनेचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. जावेद अख्तर यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनंतर २०१२ साली कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राहील, आणि वारस वा स्वामित्वसंस्था यांखेरीज तो कोणाच्याही नावे करता येणार नाही. चित्रपटाबाहेरील ध्वनिमुद्रणांनाही तसेच संरक्षण मिळाले. किमान वेतनाच्या कायद्यामागे जे तत्त्व आहे, तेच येथेही आहे: गरजेपोटी केलेली सही ही पूर्ण संमती नव्हे.

संगीताचे परवाने देणाऱ्या नव्या कंपन्या आपल्याकडेही निघत आहेत. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र रचना कोठे व किती वेळा वापरली याचा हिशेब प्रत्येक संगीतकाराला मिळालाच पाहिजे. हिशेबावाचून कायद्याने दिलेला वाटा कागदावरच राहील. तरुण संगीतकारांनीही एकेकट्याने करारावर सही करण्यापूर्वी आपल्या संस्थेचे सदस्य व्हावे आणि तिच्या कारभारावर लक्ष ठेवावे.