केरबल-२ : उड्डाणाआधीच्या चार अपेक्षा

शुक्रवारी, २४ फेब्रुवारी २०२३ला, ‘केरबल स्पेस प्रोग्राम २’ हा खेळ कम्प्युटरवर आला. घरात आठवीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचं कोणी असेल, तर हे नाव तुमच्या कानावर आलंच असेल. त्याच्यामागून ‘आपण नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊया का?’ हा प्रश्नही आला असेल. आमच्या वाळपईत भाच्याने तो आधीच विचारूनही झाला होता. चवथीला मिळालेले पैसे त्याने तोवर मोडलेले नव्हते, त्यामुळे प्रश्न गंभीर होता. म्हणून या वेळचं सदर या खेळावर. मी स्वतः पहिल्या केरबलचा जुना खेळाडू, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. या खेळात बंदूक नाही, शत्रू नाही. केरबिन नावाच्या ग्रहावर हिरवे, बुटके, मोठ्या डोळ्यांचे केरबल राहतात आणि त्यांना अंतराळात जायचं असतं. इंधनाच्या टाक्या, इंजिनं, पंख, पॅराशूट असे सुटे भाग जोडून आपण रॉकेट बनवायचं आणि उडवायचं. ते वर जाणार की बाजूच्या समुद्रात पडणार, हे न्यूटनचे नियम ठरवतात.

पहिला खेळ बनला मेक्सिको सिटीमध्ये, स्क्वाड नावाच्या कंपनीत. गंमत म्हणजे या कंपनीचा मूळ धंदा जाहिरात-मार्केटिंगचा. तिथल्या फेलिपे फालांगे या प्रोग्रामरची ही कल्पना. लहानपणी तो आणि त्याचा भाऊ फटाक्यांच्या रॉकेटवर चांदीच्या कागदाची छोटी माणसं बसवून उडवायचे आणि त्या माणसांना ‘केरबल’ म्हणायचे. दिवाळीत बाटलीत रॉकेट उभं करून वात पेटवणाऱ्या कोणालाही हे समजेल. खेळाची पहिली आवृत्ती २४ जून २०११ला लोकांसमोर आली आणि पूर्ण खेळ २७ एप्रिल २०१५ला.

यातला हिशेब मुद्दाम सोपा केलेला आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, तर केरबिनची फक्त ६००. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, केरबिनभोवती सुमारे २.३ पुरतो. त्यामुळे घरी बसून नवशिक्यालाही यश मिळू शकतं. नियम मात्र तेच.

त्याचा उपयोग काय, हे ऑगस्ट २०२२मध्ये दिसलं. ७ ऑगस्ट २०२२ला इस्रोच्या नव्या छोट्या रॉकेटचं, एसएसएलव्हीचं, पहिलं उड्डाण झालं. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेत जायचे होते, ते गेले ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लंबगोल कक्षेत. बातमी वाचून अनेकांना वाटलं, वर तर गेले ना, मग निकामी कसे? केरबल खेळणाऱ्या मुलाला ७६ हा आकडा ऐकताच उत्तर कळतं. कक्षेचं खालचं टोक ७६ किलोमीटरवर म्हणजे हवेत आलं, आणि हवेत घुसलेला उपग्रह टिकत नाही. केरबिनची हवा बरोबर ७० किलोमीटरला संपते, म्हणून हा धडा त्याने शंभरदा घेतलेला असतो. इस्रोने चूक शोधली, दुरुस्त केली आणि १० फेब्रुवारी २०२३ला एसएसएलव्हीचं दुसरं उड्डाण यशस्वी झालं. त्यात ७५० शाळकरी मुलींनी मिळून बनवलेला ‘आझादीसॅट-२’ही होता.

आणखी एक धडा. कक्षेत आपल्या पुढे असलेल्या यानाला गाठायचं, तर सरळ त्याच्या दिशेने वेग वाढवून चालत नाही. वेग वाढवला की आपली कक्षा उंच होते आणि आपण आणखी मागे पडतो. आधी वेग कमी करून खाली उतरायचं, तिथे प्रदक्षिणा लवकर होते, मग पकडायचं. जून १९६५मध्ये नासाच्या जेमिनी-४ मोहिमेत अंतराळवीर आपल्याच रॉकेटच्या सुट्या टप्प्याजवळ जायला निघाले आणि नेमके इथेच अडकले. नुसतं वाचून हे डोक्यात शिरत नाही. दोन-चार संध्याकाळी हाताने करून पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही.

आता दुसऱ्या भागाकडून, तो येण्याआधीच्या, माझ्या चार अपेक्षा.

पहिली, शिकवण्याची. जुना खेळ नवशिक्याला दारातच सोडून देतो. बहुतेकजण यूट्यूबवर शिकले. नव्या खेळात ॲनिमेशनचे धडे आहेत असं सांगितलं जात होतं, ते उत्तम. पण मला त्याहून जास्त हवंय ते पडल्यानंतरचं उत्तर. रॉकेट कलंडलं, तर ‘स्फोट झाला’ एवढंच न सांगता ‘वजन मागे गेलं होतं’ असंही सांगावं. पडणं हाच या खेळाचा शिक्षक आहे, पण शिक्षकाने बोलायला हवं.

दुसरी, थरथर थांबण्याची. पहिल्या खेळात खूप लांब गेलेलं यान सुरुवातीच्या काळात अचानक कापायला लागायचं आणि विनाकारण तुटायचं. खेळाडूंनी या अदृश्य राक्षसाचं नाव ठेवलं ‘क्रॅकन’. खरं कारण राक्षसाचं नव्हतं, आकड्यांचं होतं. खेळांमध्ये जागा मोजायला सहसा ३२ बिटांचा दशांश आकडा वापरतात. त्यात साधारण सातच अंक नेमके राहतात. केंद्रापासून सुमारे ८४ लाख मीटरच्या पुढे गेलात, की एक मीटरपेक्षा बारीक जागा त्याला सांगताच येत नाही. मग टाकी कधी इथे, कधी मीटरभर तिथे! उपाय हुशारीचा होता : यान मध्यभागी ठेवायचं आणि सगळं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. दुसऱ्या भागात एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे जायचं वचन होतं. तिथे ही अंतरं कितीतरी पटींनी वाढतात. चकचकीत ढग नसले तरी चालतील, पाया पक्का हवा. शंभर-दोनशे भागांचं यान जोडलं की जुना खेळ रांगायला लागतो, तेही सुटावं.

तिसरी, वेळेच्या कोड्याची. ग्रहाकडे जायला महिने लागतात, म्हणून खेळात काळ पळवता येतो. पण दोघे मित्र एकत्र खेळत असतील, एक मंगळासारख्या ग्रहाकडे निघालाय आणि दुसरा केरबिनवर रॉकेट जोडतोय, तर काळ कोणाचा पळवायचा? एकत्र खेळण्याची सोय पुढे कधीतरी येणार असं तेव्हा सांगितलं होतं. तिचं उत्तर काय काढतात, याची प्रोग्रामर म्हणून मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची : खेळ साध्या कम्प्युटरवर चालावा. १७ फेब्रुवारी २०२३ला कंपनीने लागणारी साधनं जाहीर केली. किमान आरटीएक्स २०६० दर्जाचं कार्ड, आणि शिफारस आरटीएक्स ३०८०ची. हे दुसरं कार्ड म्हणजे तेव्हा एका चांगल्या लॅपटॉपचे पैसे होते. पहिल्या केरबलची ताकदच ही होती की घरातल्या जुन्या मशीनवर तो चालायचा, म्हणून तो गावोगावी पोचला. रॉकेटशास्त्र पुन्हा श्रीमंतांच्या खोलीत गेलं, तर ग्राफिक्स कितीही सुंदर असोत, मला वाईट वाटेल.

आता घेण्या-न घेण्याचा प्रश्न. त्या शुक्रवारी आला तो पूर्ण खेळ नव्हता. त्याला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात, म्हणजे अर्धवट बांधलेल्या घरात राहायला जायचं आणि भाडं मात्र आजपासून. अमेरिकेत तेव्हा किंमत ५० डॉलरला एक सेंट कमी होती. पहिल्या दिवशी फक्त रॉकेट बनवणं आणि मोकळं उडवणं. विज्ञानाचे प्रयोग, वसाहती, दुसरे तारे, एकत्र खेळणं, हे सगळं ‘पुढे’ म्हणून आखलेल्या यादीत होतं. खेळाची घोषणा ऑगस्ट २०१९मध्ये झाली आणि तो २०२०मध्येच येणार होता. नंतर २०२१, मग २०२२ असं होत आपण इथे पोचलो.

आमच्या धंद्यात अशी यादी आम्ही रोज बनवतो. यादीतलं काम आणि लिहून, तपासून झालेलं काम यात फार फरक असतो. अंतराळाच्याच खेळाचं उदाहरण घ्या. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६मध्ये आला, तेव्हा आधी बोललेल्या अनेक गोष्टी त्यात नव्हत्या आणि लोक भयंकर चिडले. त्या छोट्या ब्रिटिश कंपनीने मात्र काम सोडलं नाही. दोन वर्षांनी, जुलै २०१८मध्ये, एकत्र खेळण्याची खरी सोय आली, तीही फुकट. म्हणजे आशा ठेवणं वेडेपणा नाही, पण आशेचे पैसे आगाऊ द्यायची गरजही नाही. ज्यांनी २०१६ला थांबून २०१८ला घेतला, त्यांचं काहीच बुडालं नाही.

म्हणून भाच्याला मी सांगितलं ते इथे लिहितो. चवथीचे पैसे तुझे, निर्णय तुझा. पण कार्ड आज घेऊ नकोस. आधी पहिला केरबल घे, तो तुझ्या लॅपटॉपवर चालेल आणि चंद्रावर उतरायलाच तुला वार्षिक परीक्षेनंतरची सुट्टी पुरणार नाही. दुसऱ्याच्या बाबतीत तीन गोष्टी तपास : तुझ्यासारख्या मशीनवर तो किती गतीने चालतो, जतन केलेला खेळ पुन्हा नीट उघडतो का, आणि यादीतली पहिली गोष्ट, म्हणजे विज्ञान, किती महिन्यांत येते. ती वेळेवर आली, तर पुढच्या वचनांवर विश्वास ठेवायला जागा आहे. तरीही राहवलं नाहीच, तर स्टीमवरून घे. तिथे चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असशील, तर पैसे परत मिळतात.

आणि पालकांसाठी एकच विनंती. मुलगा दहाव्यांदा रॉकेट पाडत असेल, तर ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी ‘का पडलं?’ एवढं विचारा. उत्तर वीस मिनिटं चाललं, तर वेळ वाया जात नाहीये असं समजा. जमलं, तर एखाद्या वेधशाळेतून त्याला खरा चंद्रही दाखवून आणा.

त्या शुक्रवारी रात्री मी खेळणाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसणार होतो, पाकीट खिशात ठेवून. तुमच्या घरी काय ठरलं ते जरूर कळवा. तुमच्या मुलांच्या अपेक्षा माझ्यापेक्षा वेगळ्या असतील, तर पुढच्या अंकात त्यांनाच जागा देईन.