आधी मी की आधी तू?

निबंधाच्या वह्या तपासताना एक वाक्य आम्हाला दर वर्षी भेटते: ‘आय अँड माय सिस्टर वेंट टू द मार्केट.’ त्याखाली लाल रेघ मारायची आणि अर्धा गुण कापायचा, ही आमची जुनी सवय. यंदा एका मुलीने वही पुढे केली आणि विचारले, “मराठीत ‘मी आणि माझी बहीण’ चालते, मग इंग्रजीत ते चूक कसे?”

प्रश्न रास्त होता. व्याकरणाने ते वाक्य चूक नाहीच. ‘माय सिस्टर अँड आय’ हा अदबीचा रिवाज आहे. शाळेत तो २-३-१ असा पाठ करतात: आधी समोरचा ‘यू’, मग तिसरा ‘ही’ किंवा ‘शी’, शेवटी ‘आय’. पाहुण्यांना वाढून मग आपले ताट घ्यावे, तसे. अनेकवचनात मात्र ‘वुई, यू अँड दे’ असा क्रम शिकवतात.

मराठी-उर्दूत अदब क्रमावर फारशी अवलंबून नसते. ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, ‘तुम’ की ‘आप’, यातच ती कळते. इंग्रजीत अम्मीलाही ‘यू’ आणि धाकट्या भावालाही ‘यू’. तिथे नम्रता ‘प्लीज’, ‘मे आय’ आणि अशा क्रमातून दाखवतात. अरबीत तर ‘मी’ आधी येणे अगदी सहज आहे. अनाथाचा सांभाळ करणाऱ्याला जन्नतमध्ये पैगंबरांच्या (सल्ल.) सोबतीची खुशखबर देणारी हदीस आपण ऐकलेली असते. तिच्या मूळ शब्दांत आधी ‘मी’ आहे, मग तो सांभाळ करणारा. म्हणजे एका भाषेचा रिवाज दुसरीला लावून कोणाला बेअदब ठरवता येत नाही.

या अदबीपायी मुले एक खरी चूक मात्र करतात. ‘माय सिस्टर अँड आय’ इतके घोकलेले असते की ‘अब्बा टुक माय सिस्टर अँड आय टू द मार्केट’ असेही लिहून जातात. येथे ‘मी’ नव्हे, ‘मला’ हवे. म्हणून ‘माय सिस्टर अँड मी’. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बहिणीला क्षणभर बाजूला ठेवा. ‘अब्बा टुक आय’ कानाला खटकते, ‘अब्बा टुक मी’ बरोबर वाटते. तसेच ‘बिट्वीन यू अँड मी’. तेथे ‘आय’ नको. घरी अभ्यास घेताना ही युक्ती मुलांना जरूर सांगा.

या रिवाजाला आमच्या आवडीचा एक अपवाद आहे. गुन्हा कबूल करायचा असेल, तर क्रम उलटतो: ‘आय, यू अँड ही आर टू ब्लेम.’ मान घेताना शेवटी उभे राहणारा ‘मी’ दोष घेताना सर्वांत पुढे येतो. काच फुटली की आपल्या घरांत काय होते? “भाईजानने केले, मीपण होतो.” तेथे २-३-१ कोणाला शिकवावे लागत नाही! आणि मुले हे आपल्याकडूनच उचलतात. मोठ्यांच्या तोंडून “चूक माझी” त्यांनी किती वेळा ऐकलेले असते?

त्या मुलीचा अर्धा गुण आम्ही परत दिला. चूक आमची होती, हे वर्गासमोर सांगितलेही. अपवाद शिकवायचा, तर सुरुवात आमच्यापासूनच व्हायला हवी होती.