ओझ्यालाही अवजार हवे

शेतकऱ्याच्या घरी प्रत्येक कामाला अवजार असते. जमीन फोडण्यास नांगर, ढेकळे मोडण्यास कुळव, पेरणीस पाभर आणि आंतरमशागतीस कोळपे ही अवजारे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. पाणी उपसण्याचे काम मोटेकडून इंजिनाकडे व इंजिनाकडून विजेच्या पंपाकडे गेले. खळ्यात बैलांची पात फिरत असे, तेथे मळणी यंत्र आले. परंतु पीक हाती आल्यानंतर ते उचलणे, वाहणे, गाडीत चढवणे व कोठारात रचणे ही कामे बहुतेक ठिकाणी अजूनही माणसाच्या पाठीवर, खांद्यावर आणि डोक्यावरच चालतात. ओझे उचलणे हेही शेतीचेच काम आहे व त्यालाही अवजार हवे, हा विचार अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, रुजणे अत्यंत अगत्याचे आहे.

एकच ऊस, दोन रीती

हा जिल्हा सहकारी साखर कारखानदारीचे माहेरघर होय. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याने 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू केले आणि पुढे प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर कारखान्यांची रांगच उभी राहिली. कारखान्याच्या आवारात ऊस आला की क्रेन वाहनातील ऊस एकदम उचलते व तो गव्हाणीकडे जातो. तेथे कोणाच्याही डोक्यावर ऊस चढत नाही. गळीत हंगामाच्या शुभारंभास मान्यवरांच्या हस्ते गव्हाणीत मोळी टाकतात, तेवढीच काय ती हाताने उचललेली मोळी.

तोच ऊस फडात असताना मात्र वेगळे चित्र दिसते. ज्या टोळ्यांना 'डोकी सेंटर' म्हणून ओळखले जाते, त्यांतील स्त्री-पुरुष उसाची मोळी बांधतात, डोक्यावर घेतात, सरी-वरंब्यांतून वाहनापर्यंत नेतात आणि शिडीवरून अथवा अरुंद फळीवरून चढून वर टाकतात. नवरा-बायकोच्या एका जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि मोळी चाळीस किलोची बांधली, तर त्या जोडीला पन्नास खेपा कराव्या लागतात. पहाटे सुरू झालेली तोडणी आटोपल्यावर थकलेल्या शरीराने या खेपा होतात, कित्येकदा अंधारात. फळीवर दव पडलेले असते, पाय घसरतो. गरोदरपणी व बाळंतपणानंतर लगेचच असे ओझे वाहिल्याने कंबर कायमची धरते. अंग बाहेर येण्याचा धोकाही वाढतो. असा त्रास असलेली बाई लाजेने तो बोलून दाखवीत नाही व हंगाम बुडेल म्हणून दवाखान्यातही जात नाही.

ही माणसे परकी नव्हेत. शेजारच्या बीड जिल्ह्याप्रमाणेच याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांतून दर वर्षी कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. एकाच जिल्ह्याच्या उत्तरेस यंत्राने ऊस उचलला जावा आणि दक्षिणेच्या माणसाने तो डोक्यावर वाहावा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

कांदा व धान्य यांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. नेप्ती, घोडेगाव येथील बाजारांत कांद्याच्या गोण्यांची जी चढ-उतार होते, ती हमालांच्या अंगबळावर. दहा टनांच्या मालमोटारीत पन्नास किलोच्या दोनशे गोण्या मावतात. चार हमालांनी ती भरली, तर प्रत्येकाच्या वाट्यास अडीच टन माल येतो. आणि दिवसात एकच गाडी भरून भागत नाही. त्याच गावांतील तरुण नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींत कामास जातात. जड वस्तू साखळी-कप्पीने, चाकाच्या गाडीने अथवा फोर्कलिफ्टने हलवावी, हे कारखान्याच्या कामातील सर्वमान्य तत्त्व होय. ते तत्त्व गावच्या शिवेबाहेर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

पाठीचे गणित

ओझ्याने पाठ का जाते, हे समजण्यास तराजूचे उदाहरण पुरे आहे. कमरेचा मणका हा तराजूचा काटा मानला, तर पुढे धरलेले ओझे एका बाजूस व पाठीचे स्नायू दुसऱ्या बाजूस असतात. स्नायूंची दांडी सुमारे पाच सेंटीमीटर, तर वाकून हात पुढे केलेल्या माणसाच्या ओझ्याची दांडी पन्नास सेंटीमीटरपर्यंत जाते. म्हणजे वीस किलोचे ओझे पेलण्यास स्नायूंना सुमारे दोनशे किलोचा ताण द्यावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन त्यात निराळे. हा सारा दाब मणक्यांमधील मऊ चकत्यांवर पडतो. अंग पिळून ओझे फिरविले की चकतीस अधिकच इजा होते. एकदा सरकलेली चकती पूर्ववत होणे कठीण असते.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. ओझे अंगालगत धरावे, ते जमिनीवरून न उचलता कमरेच्या उंचीवरून उचलावे आणि उचलताना कंबर पिळू नये. परंतु जमिनीवर पडलेले पोते कमरेच्या उंचीवर आपोआप येत नाही. तेथे शिकवण अपुरी पडते व साधन लागते.

वजन उतरले, काम उरले

पूर्वी साखरेचे व धान्याचे पोते शंभर किलोचे असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली एका माणसाने वाहावयाच्या ओझ्याविषयी करार व शिफारस संमत केली; पुरुषाने वाहावयाचे ओझे 55 किलोंहून अधिक असेल तेथे ते त्वरेने त्या मर्यादेपर्यंत खाली आणावे, असे त्या शिफारशीत म्हटले आहे. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला व त्यान्वये मंडळे स्थापन झाली. हमालांच्या संघटनांनी लहान पोत्याची मागणी दीर्घ काळ लावून धरली आणि अखेर पन्नास किलोचे पोते रूढ झाले. युरियाची गोणी 2018 साली पन्नासावरून पंचेचाळीस किलोंवर आली. मात्र तेथे हेतू खताचा वापर कमी व्हावा हा होता, हमालाची पाठ हा नव्हता.

ही प्रगती मोठीच आहे. तथापि पन्नास किलो हे वजन निर्धोक आहे, असा समज होता कामा नये. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने 1991 साली सुधारलेल्या सूत्राप्रमाणे, सर्व परिस्थिती अनुकूल असतानादेखील हाताने उचलावयाच्या वजनाची मर्यादा 23 किलो धरली जाते. आपले रूढ पोते तिच्या दुपटीहून अधिक आहे. जे वजन कमी होऊ शकत नाही, ते चाकावर, उतारावर किंवा कप्पीवर घेणे हाच मार्ग उरतो.

आक्षेप व त्यांचे उत्तर

या मार्गास तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप पुरुषार्थाचा. पाठीवर पोते घेऊन धावणारा गडी गावात कौतुकास पात्र ठरतो व गाडा ढकलणारा कमकुवत समजला जातो. परंतु पैलवान आखाड्यात उतरतो तो ठराविक वेळ, खुराक व विश्रांती सांभाळून. हमाल उतरतो तो रोज आणि उपाशीपोटीही. पन्नाशीस पोचण्यापूर्वी कमरेत वाकलेल्या माणसास त्याच्या तारुण्यातील कौतुकाचा काही उपयोग होत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. येथे एक साधा न्याय लावावा : माल ज्याचा, अवजार त्याचे. उसाचा धनी कारखाना व बागायतदार, बाजाराच्या आवाराची धनी बाजार समिती, खताच्या गोदामाची धनी सोसायटी; साधनाचा खर्च त्यांनी करावा. आज ओझ्याची खरी किंमत उचलणारा स्वतःच्या शरीराने भरतो, ती कोणाच्याही हिशेबवहीत दिसत नाही, एवढ्यामुळेच हे काम स्वस्त वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून तो स्वतः हमालांचा व ऊसतोड कामगारांचा आहे. अवजार आले म्हणजे मजुरी गेली, अशी त्यांची भीती आहे व ती निराधार नाही. म्हणून ओझे हलके करणारे साधन व माणूस हटविणारे यंत्र यांत भेद केला पाहिजे. ढकलगाडी हमालाच्याच हाती असते. तिने त्याची पाठ वाचते, पण त्याची जागा जात नाही. हमालीचा दर मालाच्या वजनावर ठरावा, साधन आले म्हणून तो कमी करू नये, आणि साधन निवडताना ते वापरणाऱ्यांस विचारावे. या अटी पाळल्या नाहीत, तर उत्तम अवजारही गोदामाच्या कोपऱ्यात गंजत पडेल.

उसाच्या बाबतीत तोडणी यंत्रे येतच आहेत, तेव्हा मोळीची चिंता कशास, असेही विचारले जाते. परंतु त्या यंत्रास रुंद सरी व मोठे सलग क्षेत्र लागते. लहान, तुकड्यांच्या फडांत ते नीट चालत नाही. अशा फडांत कोयता आणखी बराच काळ राहणार आहे. यंत्र येईपर्यंत आजच्या बाईने फळी चढत राहावे, हे म्हणणे न्यायाचे नव्हे.

काय करता येईल

प्रारंभ स्वस्त गोष्टींपासून करावा. सोसायटीच्या गोदामापुढे वाहनाच्या फळ्याच्या उंचीचा ओटा बांधला, तर पोते वर चढविण्याचा प्रश्नच मिटतो. ओटा शक्य नसेल, तेथे उतरती फळी वापरावी. एक मीटर उंचीसाठी चार मीटर लांबीची मजबूत फळी लावली व तिच्यावरून चाकाची गाडी वर नेली, तर ओझ्याचा सुमारे चौथा हिस्सा आणि घर्षणापोटी थोडे अधिक एवढेच बळ लागते. दोन चाकांच्या ढकलगाडीवर पोते उभे करून मागे कलते केले, की बहुतेक भार आसावर जातो व हाताला थोडाच भार उरतो. पोती जमिनीवर न रचता लाकडी मांडणीवर रचावीत. ओल लागत नाही आणि उचलणाऱ्यास तळापर्यंत वाकावेही लागत नाही.

जड वस्तूंसाठी कप्पी आहेच. विहीर खोदताना दगड-गाळ वर काढण्यासाठी यारी लावण्याची रीत या जिल्ह्यास नवी नाही. विहिरीच्या तळातील दगड पाठीवर घेऊन कोणी वर चढत नाही, मग पंप, इंजिन वा नांगराचे जड सुटे भाग उचलताना तिपाईस साखळी-कप्पी टांगण्यास संकोच का व्हावा? गावातील अवजारे बँकेत ट्रॅक्टर व पेरणी यंत्राच्या शेजारी एक साखळी-कप्पी, दोन ढकलगाड्या आणि एक उतरती फळी असणे अशक्य नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठात कृषि अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. स्थानिक गरजेस जुळणारी साधने सुचविण्याचे काम तेथील तज्ज्ञांकडे नेता येईल.

फडासाठीही तातडीचे उपाय आहेत. वाहन फडाच्या शक्य तितके जवळ आणावे व त्यासाठी बागायतदाराने वाट मोकळी करून द्यावी. मोळी वीस-पंचवीस किलोंहून मोठी बांधू नये. अरुंद शिडीऐवजी आडव्या पट्ट्या ठोकलेली रुंद फळी द्यावी व रात्री उजेडाची सोय करावी. गरोदर व ओल्या बाळंतिणीस भरणीचे काम देऊ नये आणि त्यापायी जोडीची मजुरी कापू नये. ट्रॅक्टरला जोडावयाचा ऊस भरणी यंत्राचा पंजा कारखान्याने अनेक टोळ्यांत मिळून पुरविला, तर फळी चढण्याचे कामच उरणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्ता बियाणे, खत व कीड यांविषयी शेतकऱ्याशी नित्य बोलतो. पीक काढल्यानंतर ते कोण उचलतो व कसे उचलतो, हाही प्रश्न त्याने आपल्या कामाचा मानावा. सोसायटीच्या सभेत ओट्याचा विषय मांडणे, हंगामापूर्वी शेतकी विभागाच्या गटकार्यालयाशी फळी व उजेडाविषयी बोलणे, एखाद्या गोदामात ढकलगाडीचे प्रात्यक्षिक हमालांच्याच हातून घडविणे, ही कामे त्याच्या आवाक्यातील आहेत. शंभर व्याख्यानांनी जे पटत नाही, ते एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाने पटते.

शेतकरी बैलाच्या खांद्यास घट्टा पडू नये म्हणून जू तपासतो. खांदा सुजला तर औताला सुट्टी देतो. ही दृष्टी त्याच्यापाशी मुळातच आहे. तीच माल उचलणाऱ्या माणसाकडे वळली, तर ओझ्याच्या अवजारास गावात जागा मिळण्यास वेळ लागणार नाही. येत्या गळीत हंगामापूर्वी आणि कांद्याच्या काढणीपूर्वी प्रत्येक सोसायटीने एक ओटा, एक फळी अथवा एक ढकलगाडी, यांपैकी काही एक केले, तरी प्रारंभ झाला असे म्हणता येईल.