मुरूम हवा, चिखल नको

मंडळी, आधी एक शब्द निकालात काढू. पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या तोंडी सध्या 'ग्रॅव्हल' हा शब्द भलताच रुळलाय. ग्रॅव्हल बाईक म्हणजे रोड बाईकसारखं वाकलेलं हँडल, पण टायर जाड, साधारण ३८ ते ४५ मिलिमीटरचे. डांबर संपलं तरी सायकल थांबत नाही, खडी-मुरमावरही पळते. माझीची किंमत ऐकून बाबा फक्त एवढंच म्हणाले, "यात मोटारसायकल आली असती." (आली असती, खोटं कशाला बोला :) )

तर या ग्रॅव्हलला आमच्या भोकरकडे शब्द पहिल्यापासून आहेत. मुरमाचा रस्ता, गाडीवाट, शिवरस्ता, पाणंद. मजा म्हणून त्यावरून कुणी जात नाही, एवढाच फरक.

भोकर म्हणजे नांदेडपासून पन्नासेक किलोमीटर. बहुतेकांच्या लेखी कल्याण-निर्मल महामार्गावर चहाला थांबायचं गाव. पण जरा नकाशा उघडून बघा. खाली गोदावरी, वर पैनगंगा, आणि मधे निर्मळ डोंगररांगेचे उतार. चढ सह्याद्रीसारखे अंगावर येत नाहीत, पण दिवसभर वर-खाली, वर-खाली चालू राहतं आणि संध्याकाळी मांड्या हिशेब मागतात. भोकरहून हिमायतनगर, तिथून इस्लापूर, मग सहस्रकुंड, किनवट आणि शेवटी माहूर. महामार्ग आणि मुदखेड-आदिलाबाद रेल्वे साधारण याच दिशेने जातात, म्हणजे काही बिघडलंच तर माणसांत यायला वेळ लागत नाही. आपण मात्र महामार्ग सोडून गावागावांतून जायचं. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला तूर, पुढे सागाचं जंगल. सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या खडकावरून खाली उडी घेते. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. म्हणजे मराठवाड्यात बसून विदर्भाकडे बघत डबा खाता येतो. माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर, किल्ला, पांडवलेणी. तिथे दोन दिवस काढले तरी कमी पडतात.

गोदावरी ओलांडून दक्षिणेला गेलात तर कंधार आहे. राष्ट्रकूटांच्या काळातलं गाव, भुईकोट किल्ला, जगत्तुंग सागर तलाव. पण माझं मन उत्तरेकडेच ओढतं.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मित्राला या वाटांवर फिरवलं. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, तांबूस मुरूम. गडी एकदम खूश. (बाभळीच्या काट्यांनी मागचं चाक दोनदा बसवलं तरी खूश. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट नसेल तर या भागात येऊ नका, ही पोटतिडकीची सूचना.) रात्री जेवताना तो म्हणाला, "अरे, हे रस्ते असेच राहिले पाहिजेत. इथे डांबर येऊच देऊ नका."

पटकन पटावं असंच वाक्य आहे. मला मात्र ते अजिबात पटलं नाही, आणि का ते सांगायलाच हा लेख.

त्याने ती वाट पाहिली डिसेंबरात. तीच वाट सप्टेंबर-ऑक्टोबरात बघायला हवी. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर नुसतं चालायचं म्हटलं तरी चपलेला दोन-दोन किलो चिखल लागतो, सायकलचं चाक तर फिरणंच बंद होतं. सोयाबीन काढून गंजी लावलेली असते, वरून परतीचा पाऊस, आणि मळणीयंत्र शेतापर्यंत पोचत नाही. ताडपत्रीखाली शेंगांना मोड येताना मी पाहिलेत. ज्या वाटेवर माझा मित्र भाळला, त्या वाटेमुळे कुणाचं तरी अर्धं पीक शेतातच राहतं. तेव्हा 'रस्ते असेच राहू द्या' म्हणणं हे शनिवार-रविवारच्या पाहुण्याने घरमालकाला 'छत गळतंय ते किती छान' म्हणण्यासारखं आहे.

पण म्हणून सरसकट सिमेंट ओतावं का? तर तेही नाही. गावांना जोडणारा रस्ता पक्काच हवा, त्यात वाद नको. शेतात जाणाऱ्या पाणंदीची गोष्ट वेगळी. काळ्या मातीवर नुसतं डांबर अंथरलं की दोन पावसाळ्यांत लाटा उठतात, कारण खालची जमीनच हलत असते. पाणंदीला बाजूने नाली, मधे उंचवटा, वर नीट दाबलेला मुरूम आणि दरवर्षी थोडी डागडुजी, एवढं झालं तर ट्रॅक्टरही जातो, बैलगाडीही जाते आणि आमची हौसेची सायकलही. म्हणजे शेतकऱ्याला आणि सायकलवाल्याला हवा तो रस्ता एकच आहे. आपली रिक्वायरमेंट त्याच्या रिक्वायरमेंटच्या आड येत नाही. आमच्या धंद्यात असं क्वचित घडतं!

इटलीत तस्कनी भागात पांढऱ्या खडीचे रस्ते आहेत, 'स्त्रादे बियांके'. १९९७ साली गायोले इन कियांती या गावातून 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा तिचा एक हेतू होता. २००७ पासून तिथे व्यावसायिकांची शर्यतही होते आणि ती सिएनाच्या जुन्या चौकात संपते. आमची मंडळी हे उदाहरण हटकून देतात. पण एक गोष्ट विसरतात. ते रस्ते टिकले ते त्यांची निगा राखली जाते म्हणून. दुर्लक्षाने पाणंद टिकत नसते, ती मरते.

आणि कशी मरते तेही पाहण्यासारखं आहे. एका वर्षात कुणी वाट गिळत नाही. नांगरताना, वखरताना दरवर्षी एक तास इकडून, एक तास तिकडून. भावाभावांत वाटण्या झाल्या, जमीन तुकड्यांत गेली, प्रत्येकाला हातभर जागाही मोलाची. वीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते, आणि मग एक दिवस कुणीतरी तीवर काटेरी फांद्या टाकतो. कायदा नाही असं नाही. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली अडवलेली वाट तहसीलदाराला मोकळी करून देता येते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवी वाट मागता येते. २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजनाही आली. पण शेजाऱ्याविरुद्ध अर्ज करायचा म्हणजे पुढची वीस वर्षं त्याच्याशी अबोला. म्हणून माणसं चिखल तुडवतात आणि गप्प बसतात.

इकडे माहूरला तुळजापूर-कोल्हापूरशी जोडणारा नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे, जवळपास ८०० किलोमीटरचा. त्यावर बाजूने आणि विरोधात किती बोललं गेलं! शेतातल्या अर्ध्या किलोमीटरच्या पाणंदीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

मग आपल्यासारख्या की-बोर्ड बडवणाऱ्यांनी काय करायचं? मी करतो ते सांगतो. जिथे जिथे सायकल नेतो तिथला जीपीएस ट्रॅक ठेवतो आणि ओपनस्ट्रीटमॅपवर ती वाट काढतो. कच्च्या वाटांना तिथे ग्रेड १ ते ५ अशी प्रत देता येते, पक्क्या दाबलेल्या वाटेपासून निव्वळ मातीपर्यंत. पण काढण्याआधी महाभूनकाशाच्या साइटवर गावाचा नकाशा बघतो. जुन्या वाटा गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. रेषा असेल तर वाट सगळ्यांची. नसेल तर तो कुणाचा तरी बांध आहे, आणि त्याने आपल्याला जाऊ दिलं ही त्याची भलाई. तो बांध नकाशावर टाकून उद्या पन्नास सायकली त्याच्या हरभऱ्यातून नेणं हा शुद्ध आगाऊपणा होईल. जंगलातल्या वाटांचंही तसंच, तिथे आधी वनखात्याला विचारायचं.

याचा उपयोग काय, असं मलाही एकाने शेतात विचारलं होतं. माझ्याकडे आणि सायकलकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "सायकलवर काहून आलाव? गाडी नाही का?" मी मोबाईलवर गावनकाशातली ती तुटक रेषा दाखवली. काका बराच वेळ बघत राहिले. मग समोरच्या तुरीकडे बोट करून म्हणाले, "म्हंजे रस्ता तिथून होता. आमचा आजा सांगायचा, आम्हाला खोटं वाटायचं." त्या तुरीचा मालक शंभर पावलांवर पाणी देत होता. काकांनी त्याला हाक मारली, आणि दोघं जण माझ्या मोबाईलवर डोकं लावून बसले. भांडण झालं नाही, निकालही लागला नाही. 'पाडव्यानंतर बसू' एवढं ठरलं.

भोकर तालुक्यातल्या अकरा वाटा आतापर्यंत काढून झाल्यात. हिमायतनगरच्या पुढे इस्लापूरपर्यंतचं काम बाकी आहे. नोव्हेंबर संपता संपता चिखल वाळतो, तेव्हा निघणार आहे. कुणाला यायचं असेल तर कळवा. टायर जाड आणा, पाणी जास्त आणा.