बरणी आपली, भीती दुकानदाराची

नाताळ जवळ आला की वसईतील अनेक घरांत वाइनसाठी चिनी मातीच्या बरण्या बाहेर निघतात. मनुका, गहू, साखर, यीस्ट गल्लीतल्या दुकानातून येते. दुकानदार मात्र यीस्ट मागताच दाराकडे पाहतो. यीस्ट विकणे हा गुन्हा नव्हे. परंतु 1949 चा दारूबंदी कायदा विनापरवाना मद्यनिर्मितीस मनाई करतो. सणाची बरणी आणि हातभट्टी यांत तो भेद करीत नाही.

असा भेद अशक्य आहे काय? ब्रिटनने घरगुती बिअरचा परवाना 1963 मध्ये रद्द केला. अमेरिकेने 1978 मध्ये ती करमुक्त केली, विक्रीस मात्र मुभा दिली नाही.

आपण काय करतो? काना गावच्या लग्नाचा दाखला देतो, स्वस्त मनुका मॉलमधून आणतो आणि नाताळानंतर पडून राहिलेले यीस्ट व पोलिसांचा धाक दुकानदाराच्या पदरी टाकतो. शेजारप्रीती ती हीच काय?

आम्ही स्पष्ट सांगतो : परंपरा प्रिय असेल तर कायद्यात बदल उघडपणे मागावा आणि तोवर बरणी रिकामी ठेवावी. एवढे धैर्य नसेल, तर परंपरेचा अभिमान तरी मिरवू नये.