यंत्रशाळा की चित्रशाळा?

बारावीचा निकाल लागला की मुलाने इंजिनियर व्हावे की डॉक्टर, एवढ्याच प्रश्नाचा काथ्याकूट मध्यमवर्गीय घरांत होत असे. आता त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. रेल्वेच्या आश्रयाने वाढलेल्या हुबळीच्या केशवापुरात जो पेच पडतो, तोच घाट उतरून मडगाव-फोंड्यातही पडतो. मुलाला किंवा मुलीला संगणकीय खेळांची रचना, म्हणजे गेम डिझाइन, शिकावयाचे आहे. तेव्हा तंत्रविद्यापीठात धाडावे की कलाशाळेत?

या व्यवसायाचे नाव काढताच वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. खेळ म्हणजे जुगार, ही समजूत निराधार नव्हती. परंतु पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली आणि त्यांच्यात व इतर खेळांत स्पष्ट रेषा आखली. पुण्यात तयार होऊन २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा पौराणिक कथांवर आधारलेला खेळ परदेशांतही खेळला गेला. धंदा सचोटीचा आहे. प्रश्न शिक्षणाचा आहे.

खेळ रचणे म्हणजे केवळ चित्रे काढणे नव्हे आणि केवळ संगणकाला आज्ञा लिहून देणेही नव्हे. मोक्षपट किंवा सोंगट्यांचा पट ज्यांनी आखला, त्यांनी आधी नियम रचले: कोठे चढावे, कोठे घसरावे, हरणाऱ्यालाही पुन्हा डाव मांडावासा का वाटावा. हा नियमांचा विचार हेच या विद्येचे मर्म होय. त्याला रूप देण्यास चित्रकार लागतो आणि चालते करण्यास तंत्रज्ञ.

कला आणि यंत्र यांची ही सांगड आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रण व मुद्रण या विद्याही त्यांनी आत्मसात केल्या, म्हणूनच १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत आणि त्यांनीच स्वतःचा कॅमेराही बनविला. खुद्द हुबळीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. व्ही. शांताराम किशोरवयात येथील रेल्वे कारखान्यात काम करीत आणि फावल्या वेळी पत्र्याच्या छपराखालील सिनेमागृहात राबत. पुढे १९२० साली ते पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. यंत्राची ओळख आणि पडद्याची ओढ, दोन्ही त्यांना एकाच गावात लाभली. जपानचे शिगेरू मियामोतो यांनीही औद्योगिक कलेचे शिक्षण घेतले होते, परंतु त्यांचा ‘डाँकी काँग’ १९८१ साली उभा राहिला तो अभियंत्यांच्या खांद्याला खांदा लावूनच.

मग आज पालकांनी काय करावे? हुबळीत १९४७ साली स्थापन झालेले भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आता के. एल. ई. तंत्रविद्यापीठ झाले आहे. ते घराजवळ आहे, म्हणून बहुतेकांचा कल तिकडे झुकतो. त्या विचारात तथ्यही आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधराला पुढे डिझाइनचे दार उघडे असते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात संगणकीय खेळांच्या रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कलाशाखेच्या पदवीधराला अभियांत्रिकीकडे वळणे मात्र फार कठीण. परंतु ज्या मुलाला गणिताचा मनापासून कंटाळा आहे, त्याची उमेदीची चार वर्षे या हिशेबापायी करपविणे हा शहाणपणा नव्हे. अशांसाठी पदवीपासूनच डिझाइन शिकविणाऱ्या संस्था आहेत. त्यांपैकी आय. आय. टी. च्या डिझाइन प्रवेशपरीक्षेला कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो. मात्र ती परीक्षा जानेवारीत होते. निकालानंतर जागे होणाऱ्यांना फार उशीर झालेला असतो. हा विचार अकरावीतच व्हावयास हवा.

आमच्या मते कसोटी एकच आहे. मुलाने कोणी न सांगता आजवर काय केले, ते पाहावे. त्याच्या वहीत माणसे आणि देखावे असतील तर कलाशाळा. मोडलेली यंत्रे आणि संगणकाच्या आज्ञा असतील तर तंत्रविद्यापीठ. दोन्ही नसून नुसती खेळण्याची आवड असेल, तर कागदाचा पट आणि सोंगट्या घेऊन एखादा नवा खेळ रचून दाखव, असे त्याला सांगावे. चार मित्र तो दुसऱ्यांदा खेळावयास बसले, तर मुलात काही आहे असे समजावे. भरमसाट शुल्क घेऊन केवळ ‘गेम डिझाइन’ची पाटी लावणाऱ्या संस्थांपासून मात्र सावध राहावे. तेथे जुन्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष रचलेले खेळ मागून पाहावेत, आणि मगच कर्जाच्या कागदांवर सही करावी.

परंतु सारा भार पालकांवरच का टाकावा? आमच्या गोव्यात आल्तिन्होवर कला महाविद्यालय आहे आणि फर्मागुढीस अभियांत्रिकी महाविद्यालय. दोघांमध्ये अंतर थोडे, तरीही एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या कार्यशाळेत सहसा पाऊल ठेवीत नाही. वर्षातून एक सत्र तरी दोघांनी मिळून एक खेळ तयार करावा आणि त्याचे गुण दोन्हीकडे धरावेत. याला नवी इमारत लागत नाही की नवे विद्यापीठ. हुबळी-धारवाडच्या शिक्षणधुरीणांनीही हे मनावर घ्यावे. तसे झाले, तर सतराव्या वर्षी आपल्या अंगच्या दोन गुणांपैकी एकावर कायमची फुली मारण्याची पाळी आमच्या मुलांवर येणार नाही.