संगणकाशी गट्टी : हरवलेला भूकंप

दोस्तांनो, गेल्या रविवारी आमच्या घरी चक्क एक भूकंप हरवला! तोही किल्लारीचा.

माझी पुतणी आठवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं 'महाराष्ट्रातले भूकंप' हा विषय घेतलाय. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं जगभरच्या भूकंपांची यादी ठेवतं आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. त्यातला आपल्या भागापुरता तुकडा तिनं उतरवून घेतला. वर्ष, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, तीव्रता असे रकाने आणि खाली ओळीच ओळी. डोळ्यांनी किती वाचणार? म्हणून चाळणी लावायची. ही चाळणी म्हणजे एक छोटं वाक्यच असतं. आधी रकान्याचं नाव, मग खूण, मग आकडा. (खऱ्या चाळणीत 'आणि', 'किंवा' हे शब्द इंग्रजीत लिहितात. आपण इथे मराठीतच लिहू.)

तिनं लिहिलं :

तारीख = ३०-०९-१९९३ आणि तीव्रता >= ६

संगणक एकेका ओळीला विचारत गेला, "दोन्ही अटी पुऱ्या करतेस का गं?" उत्तर आलं, शून्य ओळी!

आजी शेजारी शेंगा सोलत होती. ती तेव्हा औशात राहायची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आजी म्हणाली, "शून्य कसं? मग आमच्या घराच्या भिंती काय उगीच फाटल्या?"

पुतणी रडवेली झाली. म्हटलं, "तारीख सोड, दुसऱ्या खुणेनं शोध. कोयनेचा १९६७ चा भूकंपही एकदमच काढ."

तीव्रता >= ६ आणि वर्ष = १९६७ किंवा वर्ष = १९९३

आता १९९३ चे बारीकसारीक धक्केसुद्धा धपाधप येऊन पडले! का? गणितात बेरजेआधी गुणाकार करतो ना, तसा संगणक 'किंवा'च्या आधी 'आणि' उरकतो. म्हणजे तीव्रतेची अट फक्त १९६७ ला लागली, १९९३ मोकळं सुटलं. उपायही गणितातलाच, कंस :

तीव्रता >= ६ आणि (वर्ष = १९६७ किंवा वर्ष = १९९३)

आता नेमक्या दोनच ओळी उरल्या. किल्लारी सापडलं, पण तारीख होती २९ सप्टेंबर, वेळ रात्री १० वाजून २५ मिनिटं. आजी चष्मा लावून म्हणाली, "साफ चूक! पहाट होती."

चूक कुणाचीच नव्हती. त्या यादीतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. १० वाजून २५ मध्ये साडेपाच तास मिळवा, की ३० तारखेची पहाट, जवळजवळ ३ वाजून ५६ मिनिटं! कोयनेचंही तेच. आपण ११ डिसेंबरची पहाट म्हणतो, यादी १० डिसेंबरची रात्र म्हणते.

पुतणीनं वहीत तारीख लिहिली ती मात्र आजीचीच, ३० सप्टेंबर. कंसात 'भारतीय वेळ'.

आता तुमची पाळी. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला. चाळणीत कोणती तारीख घालाल?